दुहेरी काचेआड

"मैंने आजी को मार दिया. मुझे अंदर कर दीजिए."

पोलीस ठाण्यातल्या दिवाणजींना, म्हणजे तिथल्या हवालदारांना, आधी वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि पेन खाली ठेवलं. ओठ सुकलेले, केसांना कंगवा लागलेला नाही, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. वृंदावन योजना या वसाहतीतून भर उन्हात ती पायी चालत आली होती.

तिने नाव सांगितलं, रुचा खरवंडीकर. ते आडनाव काही दिवाणजींच्या जिभेवर बसेना. त्यांनी सरळ एसीपी मॅडमना फोन लावला. मराठी घरातली भानगड मराठी माणसानेच निस्तरावी, असा त्यांचा साधा विचार.

एसीपी मृणाल देवकुळे मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे उत्तरेत आलेली. रुचाला ती ओळखत होती. मराठी मंडळाच्या गणपतीत ही पोरगी आपल्या आजीचा हात धरून यायची आणि आजी सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मोदक कोंबायची. त्या आजी, प्रतिमाबाई, मंगळवारी गेल्या. बाल्कनीचं दार आतून लागलं, त्या बाहेर अडकल्या आणि दिवसभर लूच्या गरम झळांमध्ये भाजत राहिल्या. तपासणीत उष्माघात निघाला. अपघात म्हणून नोंद झाली आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

"काय झालं ते मला सांग," मृणाल म्हणाली.

"दरवाज़ा मैंने बंद किया था." रुचाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "कोचिंग जाना था. धूल अंदर आ रही थी, तो बाल्कनी का दरवाज़ा खींचा, हँडल घुमाया और निकल गई. मुझे लगा आजी अपने कमरे में हैं."

"बाहेर पाहिलं नाहीस?"

"पर्दा लगा था. कान में हेडफोन थे."

"एसी चालू होता?"

"मैंने बंद किया था. एसी से आजी के घुटने दुखते हैं." ती थांबली. "दुखते थे."

"दार ओढताना जड लागलं की हलकं?"

"याद नहीं. ज़ोर लगाया, जैसे रोज़ लगाती हूँ."

"रोज नीट लागायचं?"

"कहाँ. हँडल आधे में अटक जाता था. आजी बाहर से खींचकर खोल लेती थीं. पर इतवार को बाबा ने ठीक कर दिया था. मुझे पता ही नहीं था."

"मग कधी कळलं?"

"उसी रात. बाबा ने बताया कि इस बार लॉक हो गया होगा." रुचाने मान वर केली. "मॅम, इसकी सज़ा कितनी होती है?"

मृणालने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. पोरीने हात लावला नाही. मेलेल्या आईच्या सुतकात असा हिशेब कोण सांगत बसतं, असं मृणालच्या मनात आलं. रडणाऱ्या पोरीला त्याच रात्री, "दार नीट केलं होतं, म्हणून लागलं" हे सांगायची एवढी काय घाई होती? तिला राग आला होता. कोणाचा, ते अजून कळत नव्हतं.

उपनिरीक्षक ऋषभला बरोबर घेऊन ती रुचाला घरी सोडायला निघाली.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दारातच चपला, म्हणून मृणालनेही बूट-मोजे काढले. रुचाची आई सुनेत्रा धावत आली, पोरीला कवटाळून ढसढसा रडली. हॉलच्या भिंतीवर गणवेशातल्या तरुणाचा भलामोठा फोटो होता. रुचाच्या बाबांचा, धनंजयचा, थोरला भाऊ इंद्रजित, सीमेवर शहीद झालेला. प्रतिमाबाईंचा नवा फोटो त्याच्याखाली, एका स्टुलावर.

धनंजय खरवंडीकर रेल्वेत इंजिनियर. शांत, नीटनेटका माणूस. सुतकातही शर्टाला इस्त्री होती.

"मॅडम, तुम्हाला उगाच त्रास," तो म्हणाला. "पोर हळवी आहे. होईल हळूहळू. आम्ही तिला एका शब्दाने बोललो नाही."

"दार दाखवता?"

तो लगेच उठला. पांढऱ्या चौकटीचं, दोन काचांचं, बाहेर उघडणारं उंच दार. हँडल फक्त आतून. बाहेरच्या बाजूला ओढायला नुसती मूठ.

"बघा." त्याने एका बोटाने दार ओढलं. ते अलगद सरकत आलं, हँडल खाली गेलं आणि खट्ट झालं. बाहेरचा भाजीवाल्याचा आवाज मध्येच तुटला. "रविवारी बिजागऱ्या मीच वर घेतल्या. एक वाकडी किल्ली लागते, बस्स. आता लहान पोरालाही लावता येईल."

रुचाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मिस्त्री नाही बोलावलात?"

"तेलीबागेतला आशिष येऊन बघून गेला होता," सुनेत्रा म्हणाली. "दोन काचांचं वजन, दार खाली बसलंय म्हणाला. जमिनीला घासायचं. उचलून धरलं तरच हँडल पुरतं फिरायचं, आणि ते मला काही उचलायचं नाही. पण हे म्हणाले, घरचं दार मी बघतो. महिनोन्‌महिने बघतच होते. सासूबाई रोज त्यावरून बोलायच्या."

"काय बोलायच्या?"

सुनेत्राची नजर फोटोकडे गेली. "हेच. इंद्रजित असता तर एका दिवसात केलं असतं."

"म्हातारं माणूस," धनंजय हसला. "बोलायचंच."

"मंगळवारी घरी आधी कोण आलं?"

"मी. शाळेतून, संध्याकाळी," सुनेत्रा म्हणाली. "घर गारेगार होतं. वाटलं, आज उकाडा सोसवला नाही म्हणून एसी लावून झोपल्यात. हाका मारल्या. मग पडदा सरकवला. काचेवर त्यांचे तळवे उमटले होते, ताई. पुढचं मला आठवत नाही."

"आणि साहेब, तुम्ही?"

"ऑफिसात. दिवसभर."

मृणालने ऋषभकडे पाहिलं. "ऋषभ, ज़रा नीचे गेट पर हो आइए." तो काही न विचारता निघाला.

ती बाल्कनीत उतरली. फरशीने तळवे चरचर भाजले. एका कडेला प्लॅस्टिकवर कुरडया तशाच पडल्या होत्या, पांढऱ्या, कडक. उचलायचा धीर कोणाला झाला नव्हता. मृणालने दारासमोर पाऊल टाकलं आणि तळव्याला काहीतरी बोचलं. तिने खाली पाहिलं, काहीच दिसेना. पुन्हा पाऊल फिरवलं. पुन्हा बोचलं.

ती गुडघ्यांवर बसली. डोकं फरशीला लावून तिरकं पाहिलं, तेव्हा दिसलं. पारदर्शक, नखावरच्या पॉलिशइतके पातळ थेंब, सुकून दगड झालेले. काही चांगले शाबूत होते. काही मात्र खरवडले जाऊन त्यांचा पांढरा भुगा झाला होता, आणि ते सगळे एका वळणदार रेषेत होते.

"सुनेत्रा, कुरडया कधी घातल्या?"

"मंगळवारीच सकाळी. मी चिकाचं पातेलं धरलं, त्यांनी सोऱ्याने घातल्या. सोऱ्या गळत होता, त्यावरूनही मलाच ऐकवलं." ती रडता रडता हसली. "रुचाला आवडतात म्हणून एवढा खटाटोप."

"रविवारी, सोमवारी घातल्या नव्हत्या?"

"कशा घालणार? तेव्हा गहू भिजत होते."

मृणाल उठली, पदर नव्हता म्हणून गुडघे हातानेच झटकले, आणि आशिषला फोन लावायला सांगितला.

आशिष स्कूटरवरून आला. घरातल्या माणसांची तोंडं बघून बावचळला.

"जब तुमने देखा था, दरवाज़ा जितना नीचे था, उतना ही नीचे कर दो," मृणाल म्हणाली.

"हे काय चाललंय?" धनंजयने विचारलं.

"तुमचं दार बघतेय."

आशिषने बिजागऱ्यांवरच्या टोप्या काढल्या, किल्ली लावून फिरवली. दार कुरकुरलं आणि हळूहळू खाली बसलं. "इतना ही था, मॅडम. यहीं टाइल पर घिसटता था."

मृणालने दार धरून सावकाश फिरवलं. खरखर आवाज करत त्याची खालची कड फरशीवरून गेली. बरोबर त्या खरवडलेल्या थेंबांवरून, एकही न चुकता.

"सगळे जवळ या," ती म्हणाली. "खरवंडीकर साहेब, तुम्ही म्हणालात दार रविवारी वर घेतलं. वर घेतलेलं दार आत्ता आपण सगळ्यांनी पाहिलं. खालून रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट होती. ते या थेंबांना शिवतसुद्धा नाही. मग यांचा भुगा कोणी केला? खाली बसलेल्या दाराने. आणि हा चीक सांडला मंगळवारी सकाळी. म्हणजे मंगळवारी चीक वाळल्यावरही दार खालीच होतं. तुम्ही ते वर घेतलंत, पण त्यांच्या मरणानंतर."

"वार चुकला असेल माझा," धनंजय म्हणाला. "घरात माणूस गेलं, मॅडम. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"असेल. रुचा, इकडे ये." मृणाल बाहेर बाल्कनीत जाऊन उभी राहिली. "मी तुझी आजी. लाव दार, रोज लावतेस तसं."

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. रुचाने दार ओढलं, ते खरखरत आलं. हँडल फिरवलं, ते अर्ध्यावर अडलं. तिने जोर लावला. मग दोन्ही हात लावले. हँडल हललं नाही. बाहेरून मृणालने दोन बोटांनी मूठ ओढली आणि दार उघडलं.

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा रुचाने स्वतःहूनच लावलं, दात-ओठ खाऊन, सगळं अंग झोकून. दार उघडलंच.

ती मटकन खाली बसली. "मैंने नहीं किया," ती आईला म्हणाली. "आई, मैंने नहीं किया."

"तू नाही केलंस," मृणाल म्हणाली. "तू गेल्यावर आजी दहादा आत-बाहेर करू शकल्या असत्या. नंतर कोणीतरी आलं. एसीने गुडघे दुखणाऱ्या बाईच्या घरात त्याने स्वतःसाठी एसी लावला. दार उचलून हँडल पुरतं फिरवलं. हे सुनेत्राला जमत नाही, पोरीला जमत नाही. आणि त्या रात्री त्यानेच बिजागऱ्या वर घेतल्या, म्हणजे पोरीच्या हातून लागलं असं वाटावं. चीक काढायचा राहिला, कारण तो त्याला दिसलाच नाही. घरात कुरडया कधी घालतात आणि काय सांडतं, हे पाहायला हा माणूस कधी बाल्कनीत फिरकला नव्हता."

जिन्यात पावलं वाजली. ऋषभ दारात उभा राहिला. "मॅडम, मंगल को दोपहर में साहब की गाड़ी आई थी. चौकीदार ने खुद गेट खोला था. कॅमेरे में भी है."

सुनेत्राने रुचाला आपल्याकडे ओढलं आणि नवऱ्यापासून दोन पावलं मागे सरकली.

धनंजय खुर्चीवर बसला. शर्टाची बाही नीट केली.

"जेवायला आलो होतो," तो म्हणाला. "ती बाहेर कुरडया उलटत होती. मला बघितलं आणि सुरू झाली. दार. कसला इंजिनियर. इंद्रजित असता तर. मी दार उचललं आणि लावलं. एवढंच. आणि आवाज बंद झाला." त्याने काचेकडे बघितलं. "तिचं तोंड हलत होतं. आणि मला काही ऐकू येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा. फार बरं वाटलं, मॅडम. मग मी पडदा ओढला, एसी लावला, जेवलो."

"जेवलात," मृणाल म्हणाली.

"ती थापा मारत होती काचेवर. दुहेरी काच आहे. अगदी बारीक ऐकू यायचं. मी थोडा वेळ पडलो आणि ऑफिसला गेलो."

"शेजारचे?"

"या दिवसांत दारं कोण उघडी ठेवतं? सगळ्यांचे एसी चालू."

"आणि पोरीच्या माथी का मारलंत?"

"ती लहान आहे. तिला कोण शिक्षा करणार होतं?" तो खरंच समजावून सांगत होता. "चार दिवस रडली असती. विसरली असती."

मृणालचा हात शिवशिवला. नोकरी आडवी आली म्हणून तो तिथेच राहिला.

रुचा उठून त्याच्यासमोर आली. "आजी क्या बोल रही थीं? शीशे के पीछे?"

"ऐकू आलं नाही."

"होंठ तो दिखे होंगे ना."

धनंजय खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण ज्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं, त्या दिवशी या माणसाला खरं बोलायचं सुचलं.

"निघताना पडद्याच्या फटीतून बघितलं," तो म्हणाला. "खाली बसली होती. तुझं नाव घेत होती. रुचा, रुचा. तू येऊन उघडशील असं वाटत असेल तिला."

सुनेत्राच्या तोंडून नुसता हुंदका फुटला. रुचा मात्र रडली नाही. ती वळली आणि उन्हात, त्या तापलेल्या फरशीवर जाऊन कुरडयांपाशी बसली.

"रुचा," धनंजय उठला. "रुचा, ऐक ना. मी तुला सांगणार होतो. बेटा, इकडे बघ."

रुचाने मान फिरवली, पण बापाकडे नाही. "आशिष भैया, दरवाज़ा पूरा लगा दीजिए."

आशिषने मृणालकडे पाहिलं. मृणालने होकाराची मान हलवली. त्याने दार दोन्ही हातांनी उचललं, ओढलं, हँडल खाली केलं.

धनंजय काचेला तोंड लावून बोलत राहिला. काचेपलीकडे त्याची मुलगी आजीने घातलेल्या कुरडया एकेक करून ओंजळीत घेत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

ऋषभने त्याला दंडाला धरून जिन्याकडे नेलं. तो खाली पोचेपर्यंत मृणाल हँडलवर हात ठेवून उभी होती. मग आशिषने दार उचललं आणि तिने ते उघडलं.