ठकुबाईंच्या भिंतीवरची काच

दार ओढून घ्या आणि बसा. तुम्ही दोघं उद्या मेट्रोच्या कामावर रुजू होणार, म्हणून सांगतो. ऐकीव गोष्ट नव्हे. शंतनु माझ्याच वरच्या खोलीत राहायचा, इथेच बनशंकरीत.

निपाणीहून बंगळुरात आलेला पोरगा. सिव्हिल इंजिनिअर झालेला, पहिलीच नोकरी. सहा महिने कच्ची, मग पक्की. चामराजपेटेत घरांच्या पोटाखालून बोगदा जात होता आणि याचं काम म्हटलं तर साधं. रोज रात्री वरची घरं बघून यायची. भिंतीला तडा दिसला की त्यावर आडवी काचेची पट्टी बसवायची, दोन्ही टोकं सिमेंटात, वर तारीख. तडा हलला की काच फुटते. काच फुटली की खाली बोगदा खणणारं यंत्र थांबवायचं आणि घर रिकामं करायचं.

तिथे ठकुबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "निपाणीचा काय रे? मग आपलाच की! बस, स्वल्प कॉफी घे." शंतनुच्या वहीत सहीच्या जागी अंगठा उठवायची आणि रोज एकच विचारायची, "काच शाबूत हाय न्हवं? मग झोपू मी?"

"झोपा आजी," हा म्हणायचा. तेवढ्या शब्दावर म्हातारी त्या भिंतीला लागून खाटेवर अंग टाकायची.

गेल्या वर्षी अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री दहाला दहा कमी. काच मधोमध तडकलेली.

शंतनुने त्याच्या साहेबांना, श्रीहरींना, फोन लावला. ते म्हणाले, "आज यंत्र थांबलं तर महिनाभर काम अडेल. नवी काच बसव, तारीख जुनीच घाल. सगळे तेच करतात. नोकरी पक्की व्हायची आहे ना तुझी?"

व्हायची होती. बसवली गाढवाने. म्हातारीने चाचपडत वहीत अंगठा उठवला.

"काच शाबूत हाय न्हवं? झोपू मी?"

त्याने वही मिटली.

"शंतनु... झोपू?"

"झोपा आजी."

पहाटे सव्वातीनला भिंत खाटेवर आली.

चौकशी झाली. वहीत नोंद होती, काच शाबूत. खाली अंगठा. म्हणजे कुणाचाच दोष नाही. महिन्याभराने पोराला नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. पेढे काही आले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. रात्रभर वर त्याच्या येरझारा ऐकू यायच्या. एका संध्याकाळी त्याने हे सगळं मला सांगितलं. "आप्पाजी, मी खरं बोललो असतो तर ती जगली असती." खरंच होतं ते. तिने आपला मानला आणि याने केसाने गळा कापला.

मग तेवीस डिसेंबरची रात्र. वीज गेलेली. सव्वातीन. शंतनु खाटेवर बसून होता, भिंतीला टेकून. पाठीमागे काहीतरी बारीक तडतडलं. तो वळला. वरून खाली एक रेघ उतरत होती. हळू...

मग आवाज. भिंतीपलीकडून. पलीकडे खोली नाही. तिसरा मजला. नुसती हवा.

"शंतनु..."

तो खाटेवरून मागे सरकला.

"काच शाबूत हाय रे... झोप तू."

किंकाळी ऐकून मी वर धावलो. टॉर्च मारला. तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, तुटक तुटक हेच सांगत होता. भिंतीवर केसाएवढा तडा. बाकी काही नाही. सकाळी वडील येऊन त्याला घेऊन गेले. अजून निपाणीतच आहे. रात्रभर भिंतीला तळवा लावून बसतो. डॉक्टर झाले, देव झाले, गुण नाही. आता गुण यायचाही नाही, असं त्याची आईच म्हणते.

खोलीला मी कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या कमरेला. आठ दिवसांनी खोली उघडली.

तड्यावर आडवी काचेची पट्टी. शाबूत.

म्हटलं, पोरानेच बसवली असेल... आपल्या टॉर्चला दिसली नसेल. हात लावला.

सिमेंट ओलं होतं. आणि त्यात अंगठा उठलेला.