ठिणगीची दांडी

“दिवा जरा डावीकडे घ्या. माझ्या डावीकडे, तुमच्या नव्हे.”

गाडीखालून मला फक्त दोन ओले बूट दिसत होते. वीजवाले काका आले असणार असं धरून मी हुकूम सोडत राहिले. दिवा सरकला, हवा तिथे थांबला. नट आवळून बाहेर सरपटत आले, तर... काका कसले. एक उंच, निथळणारा तरुण उभा. हातात दिवा, आणि नजर माझ्याकडे नाही — गाडीकडे.

“पावसाने गाठलं म्हणून आडोशाला शिरलो,” तो हळूच म्हणाला. “मी संग्रहालयातून आलोय. हेच गॅरेज शोधत होतो, हे आत शिरल्यावर कळलं.”

झालं. ज्याला मी हमालासारखं राबवून घेतलं, तोच आमच्या गाडीचा निकाल लावणार होता. ग्रीसने बरबटलेले हात मी मुकाट्याने पाठीमागे लपवले.

बाबांनी आणि मी दोन वर्षं खपून ही गाडी उभी केली होती. पहिलं महायुद्ध संपलं आणि दुसरं अजून पेटायचं होतं, त्या मधल्या वर्षांतली गाडी. आज इंजिन सुरू झालं तर ती संग्रहालयाच्या चालत्या गाड्यांत जाणार. नाही झालं, तर तेलपाणी काढून काचेमागे, कायमची मुकी. आणि नेमके बाबा पावसात कुठेतरी अडकलेले.

“युद्ध संपलं, आणि विमानांची इंजिनं करणारे कारखाने रिकामे झाले,” गाडीभोवती फिरत तो स्वतःशीच बोलत होता. “कितीतरी जण मग गाड्यांकडे वळले. म्हणून हे बॉनेट एवढं लांब, एवढं ऐटबाज...”

“छत इतकं उंच का, सांगा बघू.”

“टोप्या. डोक्यावरची टोपी न काढता बसता यावं म्हणून.” तो हसला. “पास झालो?”

“बघू.” मी त्याचा हात धरून मडगार्डच्या आतल्या बाजूला टेकवला. बाहेरून गुळगुळीत पत्रा, आत मात्र हातोडीचे बारीक बारीक ठोके. “लागतं बोटांना?”

त्याची बोटं त्या ठोक्यांवरून सावकाश फिरली. “कुणीतरी दिवसचे दिवस ठोकत बसला असेल,” तो म्हणाला. त्याच्या बोटांवर शाईचे डाग होते. संग्रहालयासाठी तो गाड्यांची चित्रं काढायचा, एकेक स्क्रूसकट. आणि हात त्याने काढून घेतला नव्हता... मीही सोडला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

या गाडीला बटण नाही, पुढून हँडल मारावं लागतं. स्टीअरिंगखाली एक पितळी दांडी आहे. इंजिनात ठिणगी लवकर पडावी की उशिरा, ते ती ठरवते. हँडल मारताना दांडी ‘उशिरा’वर हवी. नाहीतर हँडल उलटं फिरतं आणि मनगट गेलंच म्हणून समजा. आमची दांडी झिजलेली, आपोआप घसरते, म्हणून कुणीतरी धरून बसावं लागतं. एरवी बाबा धरतात.

“धराल ना नीट?” मी विचारलं.

“अशा शेकडो दांड्या चित्रांत काढल्यात मी.”

मग कशाला शिकवायचं? मी पुढे गेले, हँडल मारलं, आणि ते असं काही उसळलं की मी थेट भिंतीवर. बाबांनी लहानपणापासून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला शिकवलंय, म्हणून हात सुटला, मोडला नाही. पण मनगट भराभर सुजलं.

तो पांढराफटक पडला होता. “मी... वर केली होती.”

“वर म्हणजे लवकर.”

“मी काढलेल्या बहुतेक गाड्यांत वर म्हणजे उशिरा असतं.”

“अहो, मग विचारायचंत ना.”

“तुमच्यासमोर शहाणा दिसायचं होतं.”

“दिसलात हो, चांगलेच दिसलात.”

त्याने रुमाल पावसात भिजवून माझ्या मनगटाला बांधला — इतका हळू, की माझा राग कुठल्या कुठे गेला. मग उठून थेट हँडलपाशी गेला.

“तुम्ही नको,” मी म्हणाले. “तुमचा चित्रांचा हात आहे. एकदा मोडला की पहिल्यासारखा चालत नाही.”

“माहितीये.” त्याने बाह्या वर सारल्या. “दांडी तुम्ही धरा.”

मी डाव्या हाताने दांडी खाली ओढून धरली. सगळा जीव त्या बोटांत आणला. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा नुसती धाप. तिसऱ्यांदा...

ठक... ठक... ठक... सावकाश, एकेक ठोका वेगळा ऐकू यावा असा. पत्रा थरथरला, काचा थरथरल्या. ज्यांनी ही घडवली, ज्यांनी पहिल्यांदा चालवली, त्यांतलं आज कुणी उरलं नसेल. त्यांनी ऐकलेलाच आवाज आम्ही दोघं ऐकत होतो. तो हँडल हातात घेऊन तसाच उभा होता, देवळात उभं राहावं तसा.

“आता दांडी वर घ्यायला हवी,” खिडकीशी येऊन तो म्हणाला.

माझी बोटं सुटेनात.

“काय झालं? सुरू झाली की.”

“मी मनात म्हणत होते, नको सुरू होऊ दे... राहू दे मुकी. तुमचा हात तेवढा वाचू दे.” मी दांडीकडेच बघत होते. “दोन वर्षं खपलेय हिच्यासाठी. आणि तुम्हाला सकाळी ओळखतसुद्धा नव्हते. हे काय होऊन बसलं?”

त्याची शाईची बोटं माझ्या बोटांवर आली, आणि आम्ही दोघांनी मिळून दांडी हळूहळू वर सरकवली. इंजिनाचा सूर मोकळा झाला.

“चालत्या गाड्या दर रविवारी सुरू कराव्या लागतात,” तो म्हणाला. “दोन माणसं लागतात. मला दर रविवारी तू हवी आहेस. खरं सांगू... रविवारीच असंही नाही.”

“येईन,” मी म्हणाले. त्याच्या गालावर काजळी उडाली होती, ती माझ्या बाहीने पुसायला गेले. बाहीला ग्रीस. तो आणखीच काळा झाला, आणि तसाच हसत राहिला.