पंचफुलाची जागल

माघ संपला तसं बोरखेडी गाव झोपायला निघालं. जमिनीखालच्या निजघरात एकशे चार खाटा मांडल्या होत्या. आषाढापर्यंत त्यांवरून कुणी उठणार नव्हतं.

वर उन्हाळ्यात आता हवेत इतकी वाफ असे, की घाम वाळत नसे. आणि घाम वाळला नाही तर माणूस सावलीतही आतून तापत मरतो. असं होणार हे फार आधी माहीत होतं, पण धूर कमी करायचं काम दर वर्षी पुढे ढकललं गेलं. आता शेतं, शाळा, बाजार चार महिने बंद. सगळ्यांना गारव्यात ठेवावं, तर तेवढी वीज नाही. जागा माणूस शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता टाकतो. बेडूक चिखलात निजतो तसं त्याला सुईने निजवलं, की ती दहाव्या हिश्श्यावर येते. हीच ग्रीष्मनिद्रा. तिच्यात वयही जवळपास थांबतं.

निजलेल्यांची रोज कूस बदलायला मात्र एक माणूस जागा लागतो. एकच, दुसऱ्याची उष्णता निजघराला सोसत नाही. ही जागल तीस उन्हाळे पंचफुला करत होती.

मनकर्णा तिची जुळी बहीण. दोघी अठ्ठावन्नच्या, पण मनकर्णाचं अंग अठ्ठेचाळीसचंच. आषाढात उठलं की गाव पंचफुलाच्या पाया पडे, पहिली भाकर तिला देई. वाढताना मनकर्णाचे डोळे भरून येत. "पुढच्या सालची जागल माही," ती म्हणे.

यंदा ती खरंच डॉक्टर खोब्रागड्यांपुढे उभी राहिली. "मॅडम, माही सुई फुलाले द्या."

पंचफुला हसली. "तुले जमन? भरदुपारी पोथी वाचता वाचता घोरते तू."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "सवय नसलेल्या अंगाला पंचावन्ननंतर ही पहिल्यांदा देता येत नाही. मंदावलेलं हृदय पुन्हा वेग घेत नाही. तीन वर्षांपूर्वी म्हणाला असतात, तर..."

मनकर्णा बहिणीकडे वळली. "तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू इतक्या खुशीनं भाकर वाढे. म्या म्हटलं, होईल पुढच्या साली." पंचफुलाने तिची बाही वर सारली. "निज आता. मागं लोक ताटकळले."

सुई टोचली. अंगभर गारवा पसरला, आणि नेहमीसारखं मनकर्णाचं मन उपकारांनी भरून आलं. त्या भरून येण्यावरच तीस वर्षं भागलं होतं; त्याचीच आज तिला पहिल्यांदा भीती वाटली.