दुसरी पट्टी

बायको उज्ज्वला गेली तरी तिचा कॉम्प्युटर चालू राहावा, एवढंच सदाशिवरावांना हवं होतं. कळंबच्या घरी ती त्याच्यावर लोकांचे फॉर्म भरून द्यायची. एका दुपारी नवा कॅमेरा बसवला तेव्हा तो चालतो का पाहायला तिनं स्वतःचाच व्हिडिओ सुरू केला आणि समोर तूर पाखडत बसली. भराभर सूप हलवायची ती. मधेच मान वर करून म्हणाली, "अहो, मी काय म्हनते..." आणि तिथंच व्हिडिओ अडकायचा. रोज तिथंच. मोबाईलवर घेतला तर उघडतच नव्हता. त्या दुपारी सदाशिवराव आतल्या खोलीत झोपलेले होते. ती पुढं काय म्हणाली, हे ऐकल्याशिवाय आता त्यांना ना घरात बसवत होतं, ना वावरात.

मेमरी कमी पडते, दुसरी पट्टी घाला, असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा शेवटी मशीनमधली मेमरीची पट्टी नमुन्याला काढून खिशात घातली आणि एसटीनं यवतमाळ गाठलं.

"काका, नवाच घेऊन टाका ना," दुकानदार अंकुर म्हणाला.

"नवा नाही पाह्यजे. हाच चालला पाह्यजे."

"मंग हिच्या जोडीची पहा लागते. आताच्या पट्ट्या याच्यात बसत नाही. खाच येगळ्या जागी असते."

त्यानं भंगारातल्या एका मशीनमधून पट्टी उपसली. खाचेला खाच लावून पाहिली. जुळली.

"कोनाची व्हय हे?"

"भंगाराले काय नाव असते, काका? पन एक सांगतो. हे जरा हळू हाये. दोघी जोडीनं लावल्या का हळू असते तिच्याच चालीनं दुसरी चालते."

घरी बहीण प्रभावती आलेली होती. दुसरं लग्न कर म्हणून ती वर्षभर मागं लागलेली.

"दुसरी आन म्हनत होतीस ना? घे, आनली," सदाशिवरावांनी पट्टी दाखवली.

"मंग मेलेल्या पयलीच्या नावाचा चांदीचा टाक घाल हिच्या गळ्यात. सवतीले मानवलं पाह्यजे, दादा." हसत ती चहा ठेवायला गेली.

दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बसल्या. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. व्हिडिओही.

उज्ज्वला सूप हळू हलवत होती.

सदाशिवरावांनी व्हिडिओचा वेग तपासला. बरोबर होता. तिच्या मागचा पंखा नेहमीसारखाच गरगरत होता. हळू झाले होते ते फक्त तिचे हात.

पडद्याच्या कडेला आणखी एक सूप हलत होतं. धरणाऱ्या मनगटात जाड कडं होतं. असलं कडं या घरात कोणाचंच नव्हतं.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावला. आता ती बाई पुरती दिसत होती. पन्नाशीची, अनोळखी, उज्ज्वलाला खेटून बसलेली. दोघींची सुपं एका चालीनं वरखाली होत होती. बोलायची जागा आली आणि गेली. उज्ज्वलानं मान वर केलीच नाही.

त्यांनी मशीन बंद केलं. दुकानातली पट्टी ओढून काढली. हातात तीच आहे ना, हे उजेडात धरून पाहिलं. तीच होती. मशीन पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर एकच बाई होती.

कड्यावाली.

भराभर पाखडत होती.

प्रभावती चहा घेऊन आली आणि मागं उभी राहिली. "वयनी किती वाळली होती रे तवा," ती म्हणाली.

"हे उज्ज्वला नोहे."

"काय बोलून राह्यला, दादा?"

त्यांनी डोळे मिटून उज्ज्वलाचा चेहरा आठवून पाहिला. सूप आठवलं. चेहरा आला नाही.

बाईनं मान वर केली. व्हिडिओ अडकला नाही. तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. तुरीची सळसळ, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ऑटो, सगळं सदाशिवरावांना ऐकू आलं. तिचं बोलणं तेवढं नाही.

प्रभावतीनं कप खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि रडू लागली.

"ऐकलं ना, दादा?" ती म्हणाली. "आता तरी हो म्हन तिले."