रंगाजानच्या खालच्या टोकाचं पाणी

या विश्वात प्रत्येक गोष्टीला सीमा आहे. आयुष्याला आहे, लोभाला आहे, समुद्रालासुद्धा आहे.

संगणकातल्या नदीला मात्र ती हाताने भरावी लागते. आणि सेव्ह करायला विसरलं, तर पुन्हा भरावी लागते.

ही घडलेली हकीकत आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, आमच्या पूरनियंत्रण खात्यातही कुणी ठेवला नाही. ठिकाण आसाममधलं उत्तर लखीमपूर, जूनमधला शुक्रवार, दुपारचा एक. भुतं मध्यरात्री येतात म्हणतात. हे खात्यातलंच असल्यामुळे कार्यालयीन वेळेत आलं.

मृदुस्मिता पाटगिरी सकाळपासून एकाच पडद्यासमोर बसली होती. अकरा वर्षांपूर्वी रंगाजान नदीला मोठा पूर आला होता. तोच पूर संगणकात पुन्हा आणायचा, आणि काठालगुरी गावाचा बांध किती उंच हवा ते काढायचं, हे तिचं काम. पाऊस भरून झाला. वरून येणारं पाणी भरून झालं. उरलं होतं नदीचं खालचं टोक, जिथे रंगाजान ब्रह्मपुत्रेला मिळते. तिथे पाण्याची पातळी किती होती, ते संगणकाला सांगावं लागतं.

सांगितलं नाही तर तो रुसतो. चुकीचं सांगितलं तर बहुतेक वेळा रुसत नाही. ते जास्त वाईट.

"खाली मोकळं सोड ना," तिचे वरिष्ठ, चेतिया सर, दारातूनच म्हणाले. "पाणी आपल्या उताराने जाईल. पाच फुटांचा बांध पुरतो."

"सर, ब्रह्मपुत्रा भरली की रंगाजान उलटी फिरते. पाणी गावात शिरतं. घाटावरच्या बदकांनाही ठाऊक आहे."

"मग बदकांची सही आण. खालच्या पाणी मोजायच्या ठाण्याची नोंद त्या पुरातच गेली. नोंद नाही म्हणजे पाणी नाही. पाचला नकाशा हवाय."

काठालगुरीत दोनशे घरं. मृदुस्मिताने दात-ओठ खाल्ले, खालचं टोक मोकळं सोडलं आणि बटण दाबलं.

सत्तर टक्क्यांवर गणित कोसळलं.

पुन्हा दाबलं. कोसळलं.

पुन्हा.

पाचव्यांदा तिने टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला, आणि तक्ता उघडून पाहिला. तर...

रकाना मोकळा नव्हता.

आत तीन वेळा होत्या. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. समोर पातळीचे आकडे, मीटरमध्ये. ८४.५२. ८४.५६. ८४.६०.

तिने पुसले. बटण दाबलं. कोसळलं. तक्ता उघडला...

आकडे परत आले होते.

आणि मागून आवाज आला. कच्... कच्... कुणीतरी सुरीने तामोल, म्हणजे आमची ओली सुपारी, कापत होतं.

"लखेश्वर खुरा, कामाच्या जागी तामोल कापू नका."

म्हातारे शिपाई लखेश्वर, आम्हा सगळ्यांचे खुरा म्हणजे काका, दारातून आत डोकावले. ते बाहेर होते. हातात फक्त केरसुणी.

"मी कशाला कापू, बाइदेउ? चावायला दात कुठे आहेत?"

मग त्यांची नजर पडद्यावर गेली, आणि केरसुणी हातातून सुटली.

"आठ, एक, सहा. या तर टुनीरामच्या वेळा."

टुनीराम पेगू. घाटावरच्या खांबाचे आकडे वाचून वहीत लिहायचा. दिवसातून तीनदा, सव्वीस वर्षं. त्या पुरात तो सहाची नोंद घ्यायला गेला. वही घाटावर सापडली.

टुनीराम सापडला नाही.

"वही सापडली? सर तर म्हणतात, नोंद वाहून गेली."

"मीच उचलून आणली की. कपाटात आहे."

"अकरा वर्षं? आणि दिली का नाहीत?"

"कुणी मागितली नाही," खुरा म्हणाले.

वही आली. शेवटच्या पानावर, सकाळी आठ... ८४.५२. दुपारी एक... ८४.५६.

सहाचा रकाना कोरा.

मागची पानं चाळली. शेऱ्याच्या जागी पावसाळ्याच्या दिवसांत पुन्हा पुन्हा एकच ओळ होती. 'छत्री मिळावी, ही विनंती.' मृदुस्मिताने मोजल्या. एकोणीस विनंत्या. एकीवरही उत्तर नव्हतं.

तिने वही मिटली. तीनही आकडे तसेच ठेवले आणि बटण दाबलं.

सत्तर टक्के... नव्वद...

शंभर. गणित एकदाही अडखळलं नाही. बांध सात फूट हवा होता.

"सात?" टेबलावरच्या वहीकडे पाहत चेतिया सर भडकले. "सहा वाजताचा आकडा कुणी घेतला? वहीत आहे का?"

"कोराच आहे, सर," म्हणत तिने वही उघडून पुढे केली.

कोरा नव्हता.

८४.६०. शाई ओली होती.

सरांनी नेहमीसारखी काही न वाचता सही केली. फरक इतकाच, की या वेळी वहीकडे पाठ करून.

हिवाळ्यात सात फुटांचा बांध उभा राहिला. पुढच्या वर्षी ब्रह्मपुत्रा फुगली, रंगाजान उलटी फिरली, आणि पाणी चढत चढत साडेसहा फुटांवर येऊन थांबलं. काठालगुरीत फक्त बेडूक शिरले.

त्या रविवारी मृदुस्मिता घाटावर गेली आणि गंजलेल्या खांबाला एक नवी काळी छत्री अडकवून आली. दुसऱ्या दिवशी छत्री नव्हती. वाऱ्याने नेली असेल, असं सगळे म्हणाले. वारा नव्हता, असं खुरा म्हणाले.

ते आकडे तक्त्यात कसे आले, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. दुपारी एक वाजला की ती फाइल मृदुस्मिता आजही एकटी असताना उघडत नाही. कारण छत्री नाहीशी झाली त्या सोमवारी तिने उघडली होती.

मागे कच्... कच्... झालं.

त्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना कधीच नव्हता. त्या दिवशी होता.

'छत्री पोचली. आता गमबूट मिळावेत, ही विनंती. माप आठ.'