धाकट्याची पट्टी

रक्ताचा स्वभाव लाजाळू मुलासारखा असतो. आपल्या घरात ते मनसोक्त धावतं. परक्या वस्तूला शिवलं की अंग चोरून घट्ट होऊन बसतं. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गाळणारा पडदा त्याला परका वाटू नये, एवढ्यासाठी ताईनं अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत घालवलं होतं. काचेवर दाट द्रावण पसरायचं, काच पाण्यात बुडवायची आणि पांढरा पापुद्रा आपसूक सुटून येईतो वाट पाहायची. ओढायचं नाही.

आता मात्र घाई होती. धाकट्या भावाचं रक्त, औषध देऊनही, प्रत्येक गाळणीत गोठत होतं.

"माझ्यासारखंच हट्टी आहे गं ते," तो म्हणायचा. "तुझ्या धाकानं तरी वाहील."

नव्या पापुद्र्याच्या पट्टीवरून ते खरंच झुळझुळ वाहिलं. ताईला रडू फुटलं. मग तिनं स्वतःचं रक्त सोडून पाहिलं. ते जागीच थिजलं. सहकाऱ्यांचंही थिजलं. एकानं तिला चकवायला गुपचूप नळ्यांची अदलाबदल केली. पट्टी चकली नाही. वाहिलं ते धाकट्याचंच.

"एकट्यालाच चालणारा पडदा माणसाला लावायची परवानगी कोण देईल?" प्रयोगशाळेचे प्रमुख सर हळूच म्हणाले. "आधी कारण शोध."

ती शोधत राहिली. धाकट्याला तेवढा वेळ मिळाला नाही.

महिन्याभरानं ती कामावर आली. त्या पापुद्र्याची एक पट्टी उरली होती. कोरी, त्याच्या रक्ताचा थेंबही न लागलेली. ताईनं आपल्या हातातून रक्त काढलं. निम्मं नळीत ठेवलं, निम्मं पट्टीवर सोडलं.

ते वाहिलं.

खाली जमलेलं रक्त तिनं दुसऱ्या नळीत भरलं आणि दोन्ही नळ्या शेजारच्या इस्पितळात तपासायला दिल्या.

दुपारी तिथल्या तपासनीस बाईंचा फोन आला.

"पहिली नळी ठणठणीत आहे हो. दुसरी कोणाची?"

"दोन्ही माझ्याच."

"थट्टा नका करू बाई, रक्तगटसुद्धा वेगळा आहे."

ताईनं वळून पट्टीकडे पाहिलं.

"मूत्रपिंडांनी पार हात टेकलेत त्याच्या," पलीकडचा आवाज घाईला आला. "जो कोणी असेल, त्याला आजच डायलिसिसला आणा. अजून वेळ गेलेली नाही."