उलट्या लवीची मखमल

बसथांब्यावर तिला आधी त्याच्या शर्टाची कॉलर दिसली, चेहरा नंतर. ती शिवणाच्या दुकानात कापड कापायचं काम करायची; अशांना माणसं अशीच दिसतात. कॉलर झकास होती. आणि तो... तो तिच्या बाहीकडे टक लावून पाहत होता.

“अशी बाही बसवायला हात लागतो,” तो म्हणाला.

“माझे दोन लागले.”

तो कपड्यांच्या मोठ्या दुकानात काचेतले पुतळे सजवायचा. त्या दिवशी दोन बस आल्या नि गेल्या; हे दोघं गळ्याच्या पट्ट्यांवर वाद घालत तिथेच.

पुढच्या आठवड्यात तो निळी मखमल घेऊन तिच्या दुकानात आला. गोदामात सापडलेली, जेमतेम एका कोटापुरती, पुन्हा मिळणं अशक्य. सोमवारी त्याची दुसऱ्या शहरात नोकरीची मुलाखत होती आणि याच मखमलीचा कोट घालून जायचं होतं. ती कापत असताना तो समोर स्टुलावर बसून पुतळ्यांच्या गमती सांगत राहिला. ती हसत होती. हात सरावाने चालला होता—निदान तिला तसं वाटत होतं.

शनिवारी तिने कोट दुकानातल्या पुतळ्यावर चढवला. डावी बाजू गडद, उजवी फिकट. मखमलीला लव असते, ती उलटी फिरली की रंग वेगळा दिसतो; म्हणून सगळे भाग एकाच दिशेने कापायचे, हे शिकाऊ मुलीलाही ठाऊक असतं. तिने उजवा भाग उलटा कापला होता.

दुकानाच्या मालकीणबाई, म्हणजे काकू, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “बारा वर्षांत तुझी कात्री चुकली नाही. कापडच सदोष होतं म्हण, खपून जाईल.”

खपलंही असतं. पण खरं सांगितलं आणि त्याला वाटलं, की जाऊ द्यायचं नाही म्हणून तिने मुद्दाम केलं, तर? तो जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं, तीच तर पंचाईत.

संध्याकाळी तो कोट घालून आरशासमोर उभा राहिला.

“कापडाचा दोष नाही,” ती एका दमात म्हणाली. “चूक माझी आहे. मुद्दाम नाही केली. कापताना मी... तुमच्याकडे बघत होते.”

त्याने उजव्या बाजूच्या फिकट लवीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “मला माहितीये. तुम्ही खडू फिरवलात तेव्हाच दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत? एवढंच कापड होतं!”

“बोललो असतो तर तुम्ही मान खाली घातली असती, माझ्याकडे बघणं थांबलं असतं.”

काकूंना एकदम आतल्या खोलीतलं काहीतरी काम आठवलं.

“सोमवारी काय घालणार?” तिने विचारलं.

“हाच. नोकरी मिळाली तर दर शनिवारी भेटायला येईन. नाही मिळाली तर रोज.”

ती त्याच्या खांद्यावरची मखमल तळव्याने सारखी करत राहिली.

“मिळू दे,” ती म्हणाली. “पण शनिवारी लवकर ये.”